कोपऱ्यातला आकडा

मंगळवारी सकाळी पावणेअकराला दुकानातला फोन वाजला तेव्हा नकाशेवाला चौदाव्या नकाशाच्या कोपऱ्यात आकडा लिहीत होता. तेवीस लिहून झालं होतं, सतरा लिहायचं राहिलं होतं. फोनवर लेक होती. ती हॉस्पिटलमधून बोलत होती. आधी नुसती "बाबा" म्हणाली. मग थोडं थांबून पुन्हा "बाबा" म्हणाली. त्याला कळलं.

त्याने पेनाला टोपण लावलं. शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं, कारण झाकण उघडं राहिलेलं बायकोला चालत नसे. मग तो खुर्चीवर बसला. किती वेळ बसला ते त्याला नंतर सांगता आलं नाही. उठला तो थेट हॉस्पिटलकडे चालू लागला. दुकानाला कुलूप लावायचं राहून गेलं. तीन तासांनी मेव्हण्याने येऊन ते लावलं.

दुकान बंदराच्या फाटकापासून चौथं. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. दुकानात सागरी नकाशे मिळत. कुठे किती पाणी, कुठे खडक, कुठे दिवा, बंदरात शिरायचा मार्ग कुठून, हे सगळं कागदावर छापलेलं. हल्ली जहाजांवर नकाशा दाखवणारे पडदे आले होते, पण छोट्या बोटींचे कप्तान अजून कागदच मागत, आणि मोठ्या जहाजांनाही पडदा बंद पडला तर म्हणून कागद ठेवावा लागे. त्यामुळे धंदा रोडावला होता तरी बसला नव्हता.

पण नकाशा छापला म्हणजे झालं असं नसतं. समुद्र काही गप्प बसत नाही. वाळू सरकते, दिवा बदलतो, पाण्यावर तरंगणारे खुणेचे बोये हलवतात, एखादी बोट बुडते. म्हणून दर आठवड्याला दुरुस्तीचं पत्रक निघतं. पत्रकातली प्रत्येक दुरुस्ती दुकानातल्या प्रत्येक नकाशावर जांभळ्या शाईने हाताने करायची आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात त्या दुरुस्तीचा आकडा लिहायचा, आधी साल आणि मग क्रमांक. नकाशा घेणारा कप्तान आधी तो कोपरा बघतो. शेवटचा आकडा ताजा असेल तर नकाशा ताजा. बाकीचा कागद तो नंतर बघतो.

हे काम दुकानात बत्तीस वर्षं बायको करत होती. नकाशेवाला वाचायचा आणि ती काढायची. तो पत्रक मोठ्याने वाचे, ती डिव्हायडरने जागा धरे, टाचणीने बारीक टोचे आणि मग पेन टेकवे. काढून झालं की ती जे काढलं ते वाचून दाखवे आणि तो पत्रकाशी ताडून बघे. दोघांचं जुळलं की मगच कोपऱ्यात आकडा. आकडा नेहमी शेवटी. या बाबतीत ती फार कडक होती. एकदा बोलता बोलता त्याने काम व्हायच्या आधी आकडा सांगितला तर तिने पेन खाली ठेवलं आणि दोन तास त्याच्याशी बोलली नाही. बंदरात तिला सगळे काकू म्हणत. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना कायम जांभळा डाग असे, आणि काकूंचा इंग्रजी सात ओळखू यायचा, कारण ती साताच्या पोटातून एक आडवी रेघ काढी. सात आणि एकात कुणाची गल्लत नको म्हणून.

नकाशेवाल्याने स्वतः आयुष्यात एकदाच दुरुस्ती काढली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी. ती बघून बायको म्हणाली होती, "अहो, हा बोया आहे की वांगं?" त्या दिवसापासून तो फक्त वाचत आला.

ती हॉस्पिटलमध्ये होती त्या दुसऱ्या आठवड्यात तेवीस-सतराचं पत्रक आलं. बंदराच्या तोंडाशी, मार्गाच्या उत्तरेला, वाळू नेणारं एक बार्ज बुडालं होतं. ओहोटीला त्याच्यावर जेमतेम साडेतीन मीटर पाणी राहत होतं. समुद्र खवळलेला असल्यामुळे तिथे अजून बोयाही टाकता आला नव्हता. नकाशेवाला ते पत्रक खिशात घालून हॉस्पिटलमध्ये गेला. काही बोलायला विषय हवा म्हणून नेलं होतं खरं तर. ती म्हणाली, वाचा. त्याने खुर्ची जवळ ओढून वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती आणि तिचं बोट चादरीवर चालत होतं. आधी एक आडवी रेघ, तिच्यावर तीन उभ्या काट्या, मग भोवती टिंबांचं कडं. बुडालेल्या जहाजाची ती खूण. ती तिला माशाचा काटा म्हणायची.

"एवढंच ना," ती म्हणाली. "चौदा नकाशे आहेत खणात. दीड दिवसाचं काम. मी आले की करते. तुम्ही हात लावू नका."

घरी येताना त्याच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. मी आले की करते. डॉक्टरांनी त्याला वेगळं काही सांगितलं होतं, पण डॉक्टर काय, सगळ्यांनाच तसं सांगतात. ती येणार, आणि आली की थकलेली असणार. काटा तिलाच काढावा लागेल, ते आपल्या हातचं काम नाही. पण कोपऱ्यातला आकडा लिहायला काय लागतं? तेवढं आपण उरकून ठेवलं तर तिचं निम्मं काम वाचेल. चौदा वेळा मान खाली घालून बारीक अक्षरात लिहायचं म्हणजे आजाऱ्याला काही थोडंथोडकं नाही.

म्हणून त्याने रोज सकाळी दोन-तीन नकाशे काढून कोपऱ्यात आकडा लिहायला घेतला. नीट लिहिला. तिच्यासारखाच. साताच्या पोटातून रेघसुद्धा काढली, म्हणजे एका नकाशावर दोन हातांची अक्षरं नकोत. आकडा लिहिला की त्याला बरं वाटे. एवढे आकडे लिहिलेत म्हणजे ते पुरे करायला तिला यावंच लागणार, असं काहीसं त्याच्या मनात होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी त्याला थांबवलं असतं.

मंगळवारी तो चौदाव्यावर आला होता.

पुढचे दहा दिवस त्याला धड आठवत नाहीत. लेक तिच्या गावाहून आली होती ती तशीच राहिली, आईच्या औषधांच्या बाटल्या तिने गोळा केल्या, कपाट आवरलं, आणि नोकरी होती म्हणून दहाव्या दिवशी गेली. जाताना तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं की तो दोन वेळा जेवेल. तो वरच्या खोलीत बसून असे. खालचं सगळं मेव्हणा बघत होता. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं सगळं आयुष्य जहाजं ओढणाऱ्या टगच्या इंजिनाशेजारी गेलं. निवृत्त झाला तेव्हा त्याचे कान जवळजवळ गेलेले, आणि स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे हळू बोलणं त्याला जमत नसे. तो गुपित सांगू लागला की समोरच्या फुटपाथवरचे लोक थांबून ऐकत. पण मनाने सरळ. ताईचं दुकान बंद राहिलेलं ताईला आवडणार नाही, म्हणून चौथ्या दिवशी त्याने ते आपणहून उघडलं आणि बहिणीसाठी रडायचं ते गल्ल्यामागे बसून रडला.

अकराव्या दिवशी नकाशेवाला खाली आला. काहीतरी करायचं म्हणून त्याने बंदराच्या नकाशांचा खण ओढला आणि सवयीने नकाशे मोजले. बारा भरले. पुन्हा मोजले. बाराच.

त्याने मेव्हण्याला विचारलं, इथले दोन नकाशे कुठे गेले.

मेव्हणा खुशीत आला. विकले, म्हणाला. एक शिडाच्या बोटी शिकवणाऱ्या बाई घेऊन गेल्या, शाळेच्या भिंतीवर लावायला. आणि दुसरा मिशीवाल्या कप्तानाने नेला. त्याच्या जुन्या नकाशावर चहा सांडला होता. सहा दिवस झाले. नकाशेवाला खणातले नकाशे एकेक उलटून कोपरे बघू लागला.

"मी बघूनच दिले, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "ताईनेच मला शिकवलंय. आधी कोपरा बघ. कोपऱ्यात तेवीस-सतरा होतं, पत्रकातही तेवीस-सतरा. म्हटलं वा, ताईने जाता जाता सगळं करून ठेवलं."

नकाशेवाल्याने एक नकाशा टेबलावर पसरला आणि मार्गाच्या उत्तरेला बोट ठेवलं. तिथे पाण्याचे आकडे होते, वाळूची खूण होती, दुसरं काही नव्हतं. बार्ज नव्हतं. मेव्हण्याने चष्मा लावला, कोपरा बघितला, पुन्हा बोटाखाली बघितलं. इंजिनवाला असला तरी तो बंदरात मुरलेला माणूस होता, त्याला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे ताईने आकडा लिहिला आणि खूण काढायला विसरली?" तो म्हणाला.

त्याच्या परीने तो हळूच म्हणाला. पण दारात बंदराचा पायलट उभा होता. मोठ्या जहाजांवर चढून त्यांना आत आणायचं काम त्याचं. तो पेन्सिली घ्यायला आला होता. त्याने ते ऐकलं, मान खाली घातली, पेन्सिली न घेताच सावकाश निघून गेला. नकाशेवाल्याने त्याला थांबवलं नाही. पायलट म्हणजे सकाळी एक गोष्ट कळली तर दुपारपर्यंत ती चार जहाजांवर चढलेली असायची.

आधी जवळची गोष्ट. शिडाची शाळा बंदराच्या दुसऱ्या टोकाला होती. नकाशेवाला चालत गेला. वाटेत त्याने मनात वाक्यं जुळवली. आकडा मी लिहिला, तिने नाही. एवढंच सांगायचं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी दार उघडलं, त्याचा हात हातात घेतला आणि त्याला खुर्चीवर बसवलं. नकाशा भिंतीवर होता, चारही कोपऱ्यांना टाचण्या लावून. त्याने सांगितलं की या नकाशावर एक दुरुस्ती राहिली आहे, तो परत न्यायला हवा. बाईंनी जवळ जाऊन कोपरा बघितला. आकडा होता.

"काकू शेवटी फार आजारी होत्या हो," त्या म्हणाल्या. "चालायचंच. आम्ही कुणाला बोलणार नाही."

इथे त्याने सांगायला हवं होतं. वाक्यं तर तयार होती. पण बाई इतक्या मायेने बोलल्या की त्याला ते तोडवेना, आणि खरं सांगायचं तर अकरा दिवसांत पहिल्यांदाच घराबाहेरचं कुणी तिच्याबद्दल त्याच्याशी बोलत होतं. तो "हो" म्हणाला. नकाशा गुंडाळून बगलेत मारला आणि बाहेर पडला. धक्क्यापर्यंत आल्यावर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो एका खांबाला टेकून उभा राहिला. बत्तीस वर्षं जिने एक टिंब चुकू दिलं नाही, तिच्या माथी आपली चूक मारून आलो. तीही "हो" एवढ्या एका अक्षरात.

आता मिशीवाला कप्तान. त्याची बोट लहान, सिमेंट आणि खतं किनाऱ्याने इकडून तिकडे न्यायची. तो कधी परत येणार हे बंदराच्या वायरलेस खोलीत कळलं असतं. ती खोली तिसऱ्या मजल्यावर, तीन बाजूंना काचा. तिथे बसणारी वायरलेसवाली पोक्त बाई होती, तिला नकाशेवाला ओळखत होता. तिने वहीत बघितलं. कप्तान आजच येत होता. तीनच्या सुमाराला बाहेर पोचेल, पण तेव्हा पाणी उतरलेलं असेल, म्हणून भरती येईपर्यंत तो बाहेर नांगर टाकून थांबेल.

"कुठे थांबेल?" नकाशेवाल्याने विचारलं.

ती म्हणाली, नेहमीच्याच जागी, मार्गाच्या उत्तरेला. तिथे वाळू चांगली आहे, नांगर धरतो. आणि बोलता बोलताच ती थांबली, कारण ते बार्ज कुठे आहे हे तिला माहीत होतं. त्याला पत्रक गेलं असेलच की, ती म्हणाली. गेलं असेल, पण नकाशाबद्दल मला त्याच्याशी बोलायचं आहे, असं नकाशेवाला म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते.

तिने बोटीला हाक दिली. तिसऱ्या हाकेला कप्तानाचा आवाज आला. तिने नकाशेवाल्याला सांगितलं की हे बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. बंदरातली सगळी जहाजं, टग, पायलटची बोट, ज्याचा वायरलेस चालू आहे तो प्रत्येक जण. तिने त्याला सावध करण्यासाठी सांगितलं. त्याने मान हलवली आणि बोलायचं बटण दाबलं.

आधी त्याने जागा सांगितली. अक्षांशाची मिनिटं बेचाळीस पूर्णांक तीन. रेखांशाची मिनिटं अकरा पूर्णांक आठ. तिथे बार्ज बुडालेलं आहे, वर साडेतीन मीटर पाणी, बोया नाही. दुकानात बायकोला वाचून दाखवायचा त्याच आवाजात त्याने ते वाचलं. कप्तानाने परत वाचून दाखवलं. जुळलं. मग कप्तान म्हणाला, "नकाशेवाले, मी बरोबर तिथेच नांगर टाकायला निघालोय. माझ्या बोटीला चार मीटर पाणी लागतं."

"तुमच्याकडे पत्रक आलं नव्हतं का?"

"आलं होतं. कोपऱ्यात काकूंचा आकडा होता. म्हटलं काकूंनी केलंय म्हणजे झालं. पत्रक न वाचता ठेवून दिलं." मग तो म्हणाला, "मगाशी वायरलेसवर पायलट म्हणत होता की काकूंच्या हातून चुकलं. मी म्हटलं शक्य नाही."

वायरलेसवाली बाई काचेतून बाहेर बघत होती. नकाशेवाल्याने बटण दाबलं.

"तो आकडा तिचा नाही," तो म्हणाला. "मी लिहिला. ती हॉस्पिटलमध्ये होती. ती घरी आली की खूण काढेल म्हणून मी आकडा आधी लिहून ठेवला. तिने हात लावू नका सांगितलं होतं. सातसुद्धा मी तिच्यासारखा काढला. तिच्या हातून काही चुकलेलं नाही. ज्यांना ज्यांना ऐकू जातंय त्यांनी हे ऐकून ठेवा."

बटण सोडल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते फार वेळ दाबून धरलं होतं, अंगठा पांढरा पडला होता. मग कप्तानाचा आवाज आला. कळलं, तो म्हणाला. मार्गाच्या दक्षिणेला थांबतो. भरतीला आत येतो. आणि "दुकानात येतो उद्या," असं म्हणाला. त्याच्या पाठोपाठ पायलटच्या बोटीवरून नुसता "ऐकलं" एवढा आवाज आला. मग एका टगवरून तसाच. वायरलेसवालीने त्याला पाणी दिलं. भरती साडेसहाची होती. बोट आत येताना दिसेपर्यंत तो त्याच खोलीत बसून राहिला, आणि तिने त्याला जा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधी शिडाच्या शाळेत गेला आणि बाईंना सगळं सांगितलं. काल "हो" का म्हणालो तेही सांगितलं. बाईंनी त्याला दोष दिला नाही, पण कालच्यासारखा हातही हातात घेतला नाही. म्हणाल्या, काल संध्याकाळी मी शिकणाऱ्यांना नाव न घेता काकूंच्या चुकीचं उदाहरण दिलं होतं, आज ते बदलून सांगीन. ते ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला.

परत आला तेव्हा मिशीवाला कप्तान दुकानात बसला होता. बायकोच्या उंच स्टुलावर, तिच्या उशीवर. मेव्हणा त्याला तिथून उठवायच्या बेतात होता, पण नकाशेवाल्याने राहू दे म्हणून खूण केली. ती हॉस्पिटलमध्ये गेल्यापासून ते स्टूल रिकामं बघून बघून तो कंटाळला होता. कप्तानाने नकाशा टेबलावर टाकला आणि मिशीला हात लावून म्हणाला की बोट सोडून दुकानात बसायला त्याला काही हौस नाही, हे काम आत्ता करून द्या.

नकाशेवाल्याने सांगितलं, मला खूण काढता येत नाही. मेव्हण्यालाही येत नव्हती. त्याचे हात मोठे नट पिळणारे.

"काढायला लागलात की येईल," कप्तान म्हणाला. "मी वाचतो."

आणि त्याने पत्रक उचललं. आयुष्यभर वाचणारा तो होता. पण पत्रक कप्तानाच्या हातात होतं आणि पेन धरायला दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा नकाशेवाल्याने पेन हातात घेतलं. आधी ब्लेडने कोपऱ्यातला आकडा अलगद खरवडून काढला. कप्तान म्हणाला, अहो, तो बरोबर आहे, राहू द्या. नकाशेवाला म्हणाला, आकडा शेवटी. एका रद्द नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने वीस वेळा माशाचा काटा काढून बघितला. मग डिव्हायडरने जागा धरली. कप्तान मिनिटं वाचत होता, टाचणी टोचली, पेन टेकलं. एक आडवी रेघ. तीन उभ्या काट्या. टिंबांचं कडं काढताना दोन टिंबं एकमेकांना चिकटली. नकाशेवाल्याने काढलेलं परत वाचून दाखवलं, कप्तानाने ताडून बघितलं.

"जागा बरोबर आहे," कप्तान म्हणाला. "पण हा माशाचा काटा नाही, फणी झालीय. दात मोडलेली."

मेव्हणा इतक्या मोठ्याने हसला की फुटपाथवरचा माणूस वळून बघायला लागला. नकाशेवालाही हसला. मग त्याने कोपऱ्यात आकडा लिहिला. यावेळी साताच्या पोटात रेघ काढली नाही. कप्तानाने ते बघितलं. नकाशा गुंडाळताना एवढंच म्हणाला की तो तीस वर्षं या दुकानातले नकाशे घेतोय, यापुढेही घेईल, पण यापुढे पत्रकही वाचेल. तेच बरं, असं नकाशेवाला म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने बाकीचे घेतले. मेव्हणा वाचायचा. सगळ्या फाटकाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचा, पण आकडे चुकवत नसे. एक दिवस पायलट पेन्सिली घ्यायला आला, त्यानेही एक नकाशा वाचला. तो जाताना पेन्सिली पुन्हा विसरला. काटा हळूहळू बरा येऊ लागला. शाळेच्या नकाशावरचा तर जवळजवळ तिच्यासारखा आला, तो बाईंकडे परत गेला. लेक रविवारी फोन करून विचारते की जेवताय ना, आणि तो सांगतो की जेवतो. उजव्या हाताच्या बोटांवरचा जांभळा डाग जात नाही हेही त्याने तिला सांगितलं. आईचाही जात नसे, ती म्हणाली.

तेरा नकाशांवर बार्जची खूण आहे आणि कोपऱ्यात त्याचा स्वतःचा आकडा आहे. चौदावा, फोन वाजला तेव्हा हाताखाली होता तो, खणात सगळ्यात खाली आहे. त्याच्या कोपऱ्यात फक्त तेवीस लिहिलेलं आहे. तो खरवडायचा, खूण काढायची आणि मग आकडा लिहायचा, एवढं राहिलं आहे.